बेत मोडतो तेव्हा मोडतं काय?

ठरवलेलं फिसकटलं की आपल्याकडे दोन सल्ले तयार असतात. एक घरातल्या वडीलधाऱ्यांचा: जे होतं ते बऱ्यासाठीच होतं. दुसरा व्याख्यानमालांचा आणि मोबाईलवरच्या रील्सचा: जिद्द सोडू नका, पुन्हा उभे राहा. वरवर पाहता हे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक मान तुकवायला सांगतो, दुसरा झुंजायला. पण दोघांच्या मुळाशी समजूत एकच आहे: बेत मोडणं ही मनात घडणारी गोष्ट आहे, आणि मन सावरलं की काम झालं.

ही समजूत उथळ आहे, आणि तिच्यापायी आधीच नुकसान सोसलेल्या माणसाचं आणखी नुकसान होतं, असं माझं म्हणणं आहे. बेत मोडतो तो बाहेर: शेतात, वेळापत्रकात, बँकेच्या खात्यात. तो नेमका कुठे मोडला, हाताशी किती वेळ उरला, आणि वळायला जागा आधीपासून ठेवली होती का, या तीन प्रश्नांवर पुढचं बहुतेक सगळं ठरतं. मनाची उभारी त्यानंतरची; पुष्कळदा ती या उत्तरांमुळेच येते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर एकट्या माणसाच्या हातात नसतंच. म्हणूनच बहुधा त्याबद्दल कोणी बोलत नाही.

उदाहरण कोरडवाहू शेतीचं घेतो. बेत मोडणं ही जिथे अपवादाची नव्हे, नेमेचि येणारी बाब आहे, तिथल्या लोकांनी तिच्यावर जास्त विचार केलेला असतो. लवचीकतेवर पुस्तकं लिहिणाऱ्यांपेक्षा तर नक्कीच जास्त.

१. आधी माती उकरून बघा

मृगात पाऊस पडतो, पेरण्या उरकतात आणि मग दोन-तीन आठवडे आभाळ कोरडं. किंवा पाऊस व्यवस्थित आहे, पण सोयाबीन वर येत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीनचं बियाणं उगवलंच नसल्याच्या तक्रारींचा मराठवाड्यात आणि विदर्भात ढीग लागला होता. अशा वेळी जाणता शेतकरी बांधावर बसून स्वतःला धीर देत बसत नाही. तो वाकतो, बोटांनी तासातली माती उकरतो आणि पेरलेला दाणा शोधतो.

दाणा टाकला तसाच कोरडा पडला असेल, तर ओल पोचलेली नाही; पाऊस आला तर अजून उगवू शकतो. फुगून सडला असेल, तर पाणी जास्त झालं किंवा बी खोल गेलं. कोंब फुटून मातीखालीच वाकडा झाला असेल, तर वर पापुद्रा धरला आहे आणि तो फोडायला हवा. दाणाच सापडत नसेल, तर पाखरं किंवा किडे. आणि ओल आहे, खोली बरोबर आहे, तरी दाणा ढिम्म, तर बियाण्यातच दम नाही. मग पिशवी आणि पावती घेऊन तालुक्याचं कृषी कार्यालय गाठायचं. काही दाणे उगवलेत, काही नाहीत, तर सगळं मोडायचं कारण नाही, नांगे भरले तरी पुरतं. कारणं इतकी, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. ‘पेरणी गेली’ हे वाक्य या सगळ्यांवर एकच पांघरूण घालतं.

कोणताही बेत असाच बनलेला असतो. त्यात एक हेतू असतो, तो साधायचं साधन असतं, एक वेळ ठरलेली असते, आणि या सगळ्यांखाली काही गृहीतकं असतात. बेत मोडतो तेव्हा क्वचितच सगळं एकदम मोडतं. पण धक्का बसलेल्या माणसाला सगळंच गेल्यासारखं वाटतं, आणि धीर देणारेही ‘सगळं पुन्हा मिळेल’ म्हणत त्याच चुकीवर शिक्कामोर्तब करतात.

पुण्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या जगात हे स्पष्ट दिसतं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती. कोविडमुळे ती पुढे पुढे गेली. अखेर १४ मार्च २०२१ हा दिवस ठरला आणि ११ मार्चला तोही पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. मुलं रस्त्यावर आली, परीक्षा २१ तारखेला झाली. इथे मोडली होती वेळ, आणि वेळेपेक्षाही तारखेवरचा विश्वास. २०२३ च्या सुरुवातीला आंदोलन झालं ते वेगळ्या कारणाने. मुख्य परीक्षा बहुपर्यायीऐवजी वर्णनात्मक होणार होती. ज्यांनी वर्षानुवर्षं पर्यायांवर हात बसवला त्यांचं साधन मोडलं होतं. आयोगाने पुढे तो बदल २०२५ पासून लागू करायचं मान्य केलं. आणि चौथ्यांदा-पाचव्यांदा पूर्वपरीक्षेतच अडकलेल्या मुलाचं मोडतं ते गृहीतक: आणखी एक वर्ष दिलं की होईल. या तिघांना ‘धीर धर’ असं एकच वाक्य ऐकवणं म्हणजे तीन रोगांवर एक गोळी. पहिल्याला धीराचा उपयोग आहे. दुसऱ्याला लिहिण्याचा सराव हवा. तिसऱ्याला मात्र धीर हाच अपाय ठरू शकतो.

२. उशिरा केलेला तोच बेत, तोच बेत राहत नाही

दुसरा प्रश्न उरलेल्या वेळेचा. इथे जिद्दीचा सल्ला सर्वांत जास्त फसवतो. ‘पुन्हा तेच कर’ म्हणताना तो कॅलेंडरकडे बघत नाही.

हैदराबादची केंद्रीय कोरडवाहू कृषी संशोधन संस्था, आपल्याकडची चारही कृषी विद्यापीठं आणि कृषी विभाग यांच्या कामातून जिल्हावार आपत्कालीन पीक आराखडे तयार झालेले आहेत. त्यांची मांडणी बघण्यासारखी आहे. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय, चार लांबला तर काय, सहा, आठ. आणि प्रत्येक मुदतीला जमिनीच्या मगदुराप्रमाणे निराळं उत्तर. ढोबळमानाने सांगायचं तर मूग आणि उडीद ही कमी दिवसांची पिकं, पण जुलैच्या मध्यानंतर ती घ्यायची नाहीत. सोयाबीनची, कोरडवाहू कापसाची वेळही त्याच सुमाराला सरते. मग बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी. त्याहीनंतर काही शेतं मोकळी ठेवून ओल धरायची आणि रब्बी ज्वारीची वाट बघायची.

आता जुलै सरत आला असताना ‘मी ठरवलं होतं, मूगच करणार’ म्हणणारा शेतकरी जिद्दी म्हणायचा का? गावात त्याला दुसरा शब्द आहे. आपण मात्र नोकरी, शिक्षण, धंदा, लग्न यांच्या बाबतीत नेमक्या याच वागण्याला टाळ्या देतो.

या आराखड्यांमध्ये आणखी एक प्रामाणिकपणा आहे. ते गोड बोलत नाहीत. मुगाचे पैसे पोळ्या-गणपतीच्या सुमाराला हातात येतात, घरखर्चाची पहिली निकड त्यावर भागते. उशिराच्या बाजरीतून धान्य आणि कडबा मिळेल, पण त्या वेळचा तो पैसा मिळणार नाही. म्हणजे हेतूच खाली उतरवावा लागतो. आधी हेतू होता चार पैसे गाठीला बांधायचे. आता हेतू आहे जनावरं विकावी न लागणं. ‘जे होतं ते बऱ्यासाठी’ म्हणणाऱ्यांना ही घट कबूल करायची नसते. पण तिची किंमत मोजल्याशिवाय पुढचा बेत आखताच येत नाही. बाजरीला मूग समजून उधारी उचलणारा दुसऱ्यांदा बुडतो.

३. मातीत गेलेले पैसे

दुबार पेरणीच्या वेळी डोक्यात सर्वांत मोठा आकडा असतो तो पहिल्या पेरणीचा. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी. अर्थशास्त्र सांगतं की पुढचा निर्णय घेताना हा आकडा धरूच नये. प्रश्न फक्त इतकाच की आता घालू त्या रुपयाचं काय होईल. माणसं असं करत नाहीत, हेही ठाऊक आहे. १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या निम्म्यात जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती. जास्त पैसे गेले होते, एवढंच.

तर्क बरोबर आहे, पण तो जितक्या सहज सांगितला जातो तितका सोपा नाही. गेलेला पैसा स्वतःचा शिल्लक पैसा असेल तर विसरता येतो. तो पीककर्ज असेल, किंवा कृषी सेवा केंद्राची उधारी असेल, तर तो गेलेला नसतोच. त्याचं व्याज चालू असतं, आणि दुसऱ्या पेरणीचं बियाणं त्याच दुकानातून त्याच वहीवर घ्यायचं असतं. ‘मागचं विसर’ हा सल्ला ज्याचं मागचं फिटलेलं आहे त्याने दिलेला असतो. अभ्यासिकेत सहा वर्षं काढलेल्या मुलाचंही असंच. त्या वर्षांत घरच्यांनी विकलेलं काहीतरी असतं, थांबवलेलं बहिणीचं काहीतरी असतं. त्याच्या हिशेबात ही वर्षं खर्ची पडलेली नाहीत, देणं म्हणून उभी आहेत. तो आणखी एक प्रयत्न देतो तो स्वप्नाच्या मोहाने कमी आणि गावी तोंड दाखवायच्या भीतीने जास्त. त्याची विचारपद्धत सुधारण्याआधी त्याच्यावरचं देणं हलकं करणं गरजेचं आहे, आणि ते काम घरच्यांचं आहे.

४. वळायला जागा

इथे मुख्य मुद्द्याशी येतो. बेत मोडल्यावर जे करता येतं, त्यातलं बरंचसं तो मोडण्याआधीच ठरलेलं असतं.

मंगळयानाची गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला ती शिलकीची वाटते. २०१० मध्ये जीएसएलव्ही हा मोठा प्रक्षेपक दोनदा अपयशी ठरला, तेव्हा मंगळासाठी हाताशी उरला लहान, पण भरवशाचा पीएसएलव्ही. त्याच्यात यान थेट मंगळाच्या वाटेवर सोडण्याची ताकद नव्हती. मग बेत असा आखला की यान आधी पृथ्वीभोवतीच फिरेल आणि दर काही फेऱ्यांनी स्वतःचं इंजिन पेटवून कक्षा वाढवत नेईल. वैज्ञानिक उपकरणं जेमतेम १५ किलोंची. हेतू बसवला साधनाच्या मापात.

पुढचं जास्त महत्त्वाचं. उड्डाण २८ ऑक्टोबर २०१३ ला ठरलं होतं. यानाचा माग ठेवणारं एक जहाज खराब हवामानामुळे प्रशांत महासागरात वेळेवर पोचू शकलं नाही आणि तारीख ५ नोव्हेंबरवर गेली. काही बिघडलं नाही, कारण मुदत १९ नोव्हेंबरपर्यंत होती. मग ११ नोव्हेंबरला इंजिन पेटलं खरं, पण जोर कमी पडला. कक्षेचं दूरचं टोक एक लाख किलोमीटरवर न्यायचं होतं, ते ७८ हजारांच्या आसपास अडकलं. दुसऱ्याच दिवशी पूरक प्रज्वलन करून ते १ लाख १८ हजारांवर नेलं. डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी यान मंगळाकडे निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं. १२ नोव्हेंबरला वैज्ञानिकांनी डोकं शांत ठेवलं, हे खरंच. पण टाकीत जादा इंधन आणि कॅलेंडरात जादा दिवस नसते, तर त्या शांत डोक्याने काय केलं असतं? ती संधी हुकली असती तर पुढची २६ महिन्यांनी होती.

शेतात हीच मोकळीक आंतरपिकाच्या रूपाने असते. सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीच्या ओळी टाकणारा शेतकरी दोन पिकांवर दोन वेगळ्या महिन्यांच्या पावसाचा जुगार विभागतो. चांगल्या वर्षी नुसतं सोयाबीन जास्त पैसे देऊनही जातं. तेव्हा तूर टाकणारा भित्रा दिसतो. मोकळीक नेहमी अशीच दिसते, चांगल्या वर्षी उधळपट्टीसारखी. कंपनीचा व्यवस्थापक सगळ्यांत आधी तीच कापतो, मध्यमवर्गीय कुटुंब हप्त्यांमध्ये तीच बांधून टाकतं, आणि दहावीनंतरच्या मुलाच्या वेळापत्रकातून क्लासवाले तीच काढून घेतात.

मोकळीक विकत घ्यावी लागते, आणि सगळ्यांना ती परवडत नाही. ज्याच्याकडे दुसऱ्या पेरणीचं बियाणं आहे त्याला दुबार पेरणी हे संकट आहे. ज्याच्याकडे नाही त्याला ती हंगामाची अखेर आहे. दोघांचं मनोबल सारखंच असू शकतं. व्यासपीठावरून लवचीकतेची महती गाणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्या गटातला असतो, आणि आपल्या शिलकीला तो आपला स्वभाव समजतो.

म्हणून काही मोकळीक सामाईक असायला हवी. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्यात एक तरतूद होती. प्रतिकूल हवामानामुळे विमा क्षेत्रातल्या ७५ टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर पेरणीच होऊ शकली नाही, तर संरक्षित रकमेच्या २५ टक्के देऊन तो विमा तिथेच संपवायचा. अटी जाचक होत्या, पण त्यामागचा विचार शहाणा होता: पीक बुडण्याआधी बेत बुडतो, आणि पैसे तेव्हाच हाती आले तर दुसरा बेत करता येतो. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयातला विमा बंद केला, तेव्हा ही तरतूदही गेली. भरपाई आता पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यावर. आधीच्या योजनेत बोगस अर्ज झाले होते, हे नाकारत नाही. पण कापणीनंतर येणारा पैसा जुलैतल्या निर्णयाच्या कामी येत नाही. त्याने नुकसान भरून निघेल, वळता येणार नाही.

५. ‘दोर कापलेलेच बरे’ आणि इतर आक्षेप

पहिला आक्षेप मराठी मनात खोल रुजलेला आहे. पर्याय ठेवला की पहिल्या कामात जीव ओतला जात नाही. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले म्हणून मावळे लढले. आधुनिक संशोधनाचाही याला थोडा टेकू आहे. जिहे शिन आणि कॅथरीन मिल्कमन यांनी २०१६ मध्ये दाखवलं की नुसता पर्यायी बेत विचारात घ्यायला लावला, तरी लोकांची मूळ ध्येयाची ओढ आणि त्यातली कामगिरी कमी होते.

ते प्रयोग छोट्या, थोड्या वेळाच्या कामांवरचे होते, तरी मुद्दा सोडून देण्याजोगा नाही. पर्याय दिवसरात्र उगाळत बसलं तर हात ढिले पडतात. पण पर्याय तयार असणं आणि तो सतत डोक्यात असणं वेगळं. आपत्कालीन पीक आराखडा शेतकऱ्याच्या उशाशी नसतो. पाऊस लांबला की तो बाहेर निघतो.

आणि सिंहगडाची कथा आपण मधूनच सुरू करतो. १६७० मध्ये तो गड चढून का घ्यावा लागला? कारण १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे २३ किल्ले मोगलांना दिले, त्यात तोही होता. मिर्झाराजे जयसिंगांच्या फौजेपुढे आधीचा बेत टिकत नाही, हे ओळखून त्यांनी १२ किल्ले राखले आणि बाकीचे सोडले. तेव्हा एकेका किल्ल्यावर दोर कापून लढायचं ठरवलं असतं, तर पाच वर्षांनी कोंढाणा घ्यायला माणसं उरली असती का? दोर कापणं ही एका रात्रीच्या, एका कड्यावरच्या लढाईची नीती आहे. पाच वर्षांच्या मोहिमेला पुरंदर लागतो. शाळेत आपण पहिली जास्त रंगवतो, दुसरा उरकतो.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं फार कोरडं आहे. माणसाला दुःख होतं, त्याचं काय? दुःख होणारच, आणि ते आवरायचा उपदेश मी करत नाही. उलट, मन आधी सावर आणि मग कामाला लाग, हा क्रम लादणारेच दुःखावर मुदत घालतात. माती उकरायला मन सावरलेलं असावं लागत नाही. रडत रडतही ती उकरता येते. आणि ज्याला ते स्वतः जमत नसेल त्याच्यासाठी शेजाऱ्याने उकरावी. सांत्वनापेक्षा ती मदत मोठी.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. अशाने लोक लवकर हार मानतील. कधी थांबावं आणि कधी वळावं, हे कळणार कसं? खात्रीने कळत नाही, हे मान्यच. कार्स्टन व्रोश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, आवाक्याबाहेर गेलेलं ध्येय सोडणं आणि नव्या ध्येयाला लागणं या दोन वेगळ्या क्षमता म्हणून मोजल्या, आणि दोन्हींचा संबंध माणसाच्या स्वास्थ्याशी दिसला. नुसतं सोडणारा माणूस वळलेला नसतो, रिकामा झालेला असतो. म्हणून ‘सोडू का?’ हा प्रश्न एकटा विचारूच नये. ‘सोडून कशाला लागू?’ हा त्याच्याबरोबर यावा. आणि मुदत पेरणीआधी ठरावी, पेरणी फसल्यावर नव्हे. सामान्य गटाला केंद्रीय लोकसेवा आयोग सहाच प्रयत्न देतो. तो आकडा आयोगाच्या सोयीचा आहे, उमेदवाराच्या आयुष्याचा नाही. उमेदवाराने आणि त्याच्या घरच्यांनी आपला आकडा पहिल्या वर्षीच, डोकं थंड असताना, लिहून ठेवावा. पुढे तो बदलायचा झाला तर बदलावा, पण बदलतोय हे सगळ्यांदेखत कबूल करून.

याच आयोगाने २०२५ मध्ये ‘प्रतिभा सेतू’ नावाची सोय आणली. मुलाखतीपर्यंत पोचून अंतिम यादीत न आलेल्या आणि संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती नोकरी देणाऱ्यांना तिथे बघता येते. बेत शेवटच्या पायरीवर मोडलेल्यांसाठी संस्थेनेच ठेवलेली ही वळायची जागा आहे, आणि ती ठेवायला इतकी वर्षं का लागावीत, कळत नाही. पण दरवर्षी सुमारे हजार जागांसाठी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात, आणि मुलाखतीपर्यंत पोचतात जागांच्या दोन-अडीच पट. बाकीच्यांसाठी, म्हणजे पूर्वपरीक्षेतच थांबलेल्या आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकेचं महिन्याचं भाडं अजून भरत असलेल्या मुलामुलींसाठी, असा काही आराखडा कोणत्याही आयोगाच्या, विद्यापीठाच्या किंवा क्लासच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो. यशस्वी उमेदवारांचे फोटो मात्र पहिल्याच पानावर असतात.